अंदमानचा आराखडा : रॉसला पूर्ण सकाळ, बाराटांगला सुट्टी

दिवाळी तोंडावर आली की यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा इथल्या तरुण मंडळींच्या सहलीच्या गप्पांत अंदमान हमखास येतो. जिल्ह्याच्या कुठल्याही टोकाला उभे राहा, समुद्र शेकडो किलोमीटर दूरच. त्यात झाडाझुडपांनी वेढलेले भग्नावशेष आणि प्रवाळांचे निळे पाणी एकाच सुट्टीत पाहण्याची हौस असेल, तर लोक कंबोडिया-थायलंडची नावे घेतात, कोणी मेक्सिकोचेही घेतो. प्रत्यक्षात या दोन्ही गोष्टी बंगालच्या उपसागरात, पासपोर्टशिवाय मिळतात. नागपूरहून विमानाने कोलकाता किंवा चेन्नई, तिथून श्रीविजयपुरम, म्हणजे २०२४पर्यंतचे पोर्ट ब्लेअर. वेळ भरपूर आणि पोट खंबीर असेल तर चेन्नईहून जहाज; त्याला तीन दिवसांच्या आसपास लागतात.

सहलीचा आराखडाही ठरलेला असतो. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल आणि संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी एकाच बोटफेरीत रॉस आणि नॉर्थ बे. रॉसच्या वाट्याला जेमतेम दीड-दोन तास, कारण पुढे स्कूबा आणि काचेच्या तळाच्या बोटीची वेळ गाठायची असते. मग हॅवलॉक, नील, स्नॉर्केलिंग, सूर्यास्त. शेवटच्या मोकळ्या दिवशी पहाटे तीनला उठून बाराटांग.

या धाग्याचे म्हणणे असे की या आराखड्यात दोन दुरुस्त्या कराव्यात. रॉस बेटाला पूर्ण सकाळ द्यावी आणि बाराटांगवर सरळ काट मारावी. वरवर पाहता या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही. परंतु दोन्हींचे कारण एकच आहे आणि ते १८५८मध्ये सापडते.

त्याआधीचा भाग थोडक्यात. इंग्रजांनी १७८९मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअर याच्या हातून इथे एक वसाहत मांडून पाहिली होती. रोगराईने ती टिकली नाही आणि १७९६मध्ये गुंडाळली गेली. पुढे साठ वर्षे ही बेटे जशी होती तशीच राहिली. १८५७चा उठाव चिरडल्यावर मात्र कंपनी सरकारपुढे प्रश्न उभा राहिला, की फाशीतून उरलेल्या बंडवाल्यांना ठेवायचे कुठे? १० मार्च १८५८ रोजी डॉ. जे. पी. वॉकर हा तुरुंगाधिकारी सेमिरामिस या जहाजातून दोनशे कैदी घेऊन चॅथम बेटावर उतरला. चॅथमवर पिण्याचे पाणी नव्हते, म्हणून मुक्काम रॉसवर हलला. बेट चिमुकले, पण किनाऱ्यापर्यंत घनदाट अरण्याने भरलेले. ते अरण्य बेड्या घातलेल्या माणसांनी तोडले. पुढच्या महिन्यांत आणखी जहाजे येत राहिली. ताप, उपासमार आणि जखमांनी कैदी मरत राहिले. शेकडो पळाले. पळून परत पकडलेल्यांपैकी ऐंशीहून अधिक जणांना वॉकरने एकाच वेळी फासावर चढवले. वरिष्ठांनी कान उपटले तेव्हा हा प्रकार थांबला.

रॉसवर पाऊल ठेवणाऱ्याने हे मनात ठेवून भिंती पाहाव्यात. तिथले दृश्य विलक्षण आहे यात वाद नाही. विटांच्या उंच भिंतींना वड-पिंपळांच्या मुळ्यांनी असे कवटाळले आहे की भिंत झाडाला तोलून धरते की झाड भिंतीला, ते सांगता येत नाही. छप्पर उडालेले चर्च, चीफ कमिशनरच्या बंगल्याचे जोते, बेकरी, पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेचे अवशेष, दफनभूमी. मधून हरणे निर्धास्त फिरतात. सहलीला आलेल्या माणसाला पहिला भास होतो तो अंगकोरचा : प्राचीन नगर, शतकानुशतके अरण्याने गिळलेले.

हा भास मोडणे हेच रॉस पाहण्याचे पहिले काम. तिथले मूळ अरण्य १८५८नंतर तोडले गेले. आज भिंतींना विळखा घालणारी झाडी त्यानंतरची, म्हणजे माणसे बेट सोडून गेल्यानंतरची आहे. २६ जून १९४१च्या भूकंपाने इमारती खिळखिळ्या केल्या आणि मार्च १९४२मध्ये जपानी सैन्य उतरले. त्यांनी १९४५पर्यंत बेटे ताब्यात ठेवली आणि रॉसवर बंकर बांधले. युद्धानंतर राजधानी रॉसवर परतलीच नाही. यवतमाळच्या एखाद्या घरात नव्वदीचे आजोबा असतील तर ते रॉसच्या या जंगलापेक्षा वयाने मोठे आहेत. हरणेसुद्धा मूळची नव्हेत, साहेबाने शिकारीच्या हौसेपायी आणलेली. इथे निसर्गाने साम्राज्यावर सूड उगवला असे काव्य अनेकांना सुचते. ते ऐकायला बरे वाटते, पण त्यात माणसे नाहीत.

माणसे दोन प्रकारची होती. एक, ज्यांनी तोडले आणि बांधले. कमिशनरच्या मेजवान्या, क्लब, नृत्यगृह आणि टेनिस या सगळ्यांखाली कैद्यांची मजुरी होती. समोर मुख्य बेटावर सेल्युलर जेलचे बांधकाम सुरू झाले ते १८९६मध्ये आणि संपले १९०६मध्ये, तेही कैद्यांच्याच हातांनी. मराठी प्रवासी जेलमध्ये डोळे भरून येतात तितके थांबतात, आणि ते योग्यच आहे. ४ जुलै १९११ रोजी सावरकर तिथे पोहोचले आणि १९२१पर्यंत होते. त्यांचे थोरले बंधू बाबाराव तिथेच होते. परंतु ‘काळे पाणी’ ही कथा जेलच्या दारापासून सुरू होत नाही. जेलचा पहिला चिरा बसण्याआधी अडतीस वर्षे ती सुरू झाली होती. मौलवी फज्ल-ए-हक खैराबादी १८६१मध्ये याच बेटांवर वारले. शेर अली आफ्रिदी याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याला ८ फेब्रुवारी १८७२ रोजी होपटाऊनच्या धक्क्यावर भोसकले आणि महिन्याभरात वायपर बेटावर तो फासावर गेला. जेलच्या मनोऱ्यावरून रॉस समोर दिसते. ते पहिले प्रकरण आहे आणि आपण दुसऱ्यापासून वाचायला घेतो.

दुसरी माणसे म्हणजे ज्यांचे ते अरण्य होते. यांच्याबद्दल सहलीच्या पत्रकात एक ओळही नसते.

वसाहत पडली तेव्हा ग्रेट अंदमानी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टोळ्यांची संख्या पाच हजारांच्या आसपास असावी असा अंदाज केला जातो. त्यांनी प्रतिकार केला. मे १८५९मध्ये त्यांनी वसाहतीवर मोठा हल्ला चढवला, तो अ‍ॅबरडीनची लढाई म्हणून ओळखला जातो. हल्ल्याची वार्ता आधीच फुटली होती. दूधनाथ तिवारी नावाचा कैदी पळून जाऊन वर्षभर त्यांच्यातच राहिला होता, तिथे त्याने लग्नही केले होते. ऐन वेळी तो परत आला आणि त्याने इंग्रजांना सावध केले. त्याला माफी मिळाली. धनुष्यबाण तोफबंदुकांपुढे टिकले नाहीत. एका परागंदा शिपायाने आपली सुटका दुसऱ्यांच्या पराभवावर मिळवली, हे १८५७च्या कथेतले अतिशय अवघड पान आहे. वीरांच्या यादीत ते बसत नाही, म्हणून बहुधा कोणी उलटतही नाही.

त्यानंतर आली ती माया. १८६३मध्ये रेव्हरंड हेन्री कॉर्बिन याने रॉसवर ‘अंदमान होम’ उघडले. टोळीतल्या माणसांना आणून ठेवायचे, कपडे घालायचे, इंग्रजी शिकवायचे, काम करून घ्यायचे. हेतू कदाचित सगळाच वाईट नव्हता. परिणाम असा झाला की ज्या रोगांची त्या शरीरांना कधी ओळख नव्हती ते सगळे एका छपराखाली जमले. उपदंश पसरला. १८७७मध्ये गोवराची साथ आली आणि टोळ्याच्या टोळ्या आटल्या. १९०१च्या शिरगणतीत ग्रेट अंदमानी उरले ६२५. १९६१मध्ये १९. आज पन्नासेक जण स्ट्रेट आयलंडवर आणि राजधानीत राहतात. त्यांच्या भाषांपैकी ‘बो’ ही भाषा बोलणारी शेवटची वृद्धा २०१०मध्ये गेली.

रॉसला पूर्ण सकाळ द्यायची ती यासाठी. पहिल्या बोटीने जावे, गर्दीच्या आधी वरच्या टेकडीपर्यंत चालावे, आणि प्रत्येक इमारतीपुढे एकच प्रश्न विचारावा : हे कोणी बांधले आणि त्याआधी इथे कोण होते? यवतमाळकरांना ही सवय लावायला दूर जावे लागत नाही. पैनगंगा ओलांडली की माहूर. रेणुकेच्या दर्शनाला घरातले सगळे जातात, पण गडाच्या तटबंदीवर, झाडीत हरवलेल्या बुरुजांपर्यंत जाणारे थोडे. इतिहासाची आवड असलेल्या मुलांना रायबाघन ठाऊक असते. उंबरखिंडीत १६६१मध्ये कारतलबखानाच्या सैन्यात असलेली सावित्रीबाई ती, माहूरच्या उदाराम देशमुख घराण्यातली. ते नाव माहीत असलेला माणूस माहूरगडावर दगड मोजत नाही, वाडा कुठे असेल ते शोधतो. निघण्यापूर्वीचा एक रविवार माहूरला खर्च केला तर रॉस अधिक नीट दिसेल.

समुद्राबद्दल मात्र या धाग्याची काही तक्रार नाही. स्नॉर्केलिंग करावे, जमल्यास स्कूबाही. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला त्याला पहिल्याच दिवशी इतिहास पाजणे हा जुलूम आहे. इतकेच, की ज्या पाण्यात डुंबायचे त्याचे नावही एकदा उच्चारून पाहावे. हॅवलॉक म्हणजे जुलै १८५७मध्ये कानपूरला नानासाहेब पेशव्यांच्या फौजेचा पराभव करणारा जनरल हेन्री हॅवलॉक. नील म्हणजे अलाहाबाद आणि कानपूर इथे सूड म्हणून माणसे लटकवत गेलेला कर्नल जेम्स नील. शेजारची बेटे आउटराम, हेन्री लॉरेन्स, जॉन लॉरेन्स. ज्यांनी बंड मोडले त्यांची नावे, आणि बंड करणाऱ्यांना आणून टाकण्याची जागा, एकाच नकाशावर! २०१८च्या डिसेंबरात हॅवलॉकचे स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे नामांतर झाले. बोटवाले अजून जुनीच नावे घेतात. त्या दोन बेटांवर आज शेती करणारी कुटुंबे पुष्कळशी फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची आहेत, म्हणून नीलवर भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर अशी रामायणी गावे भेटतात. नारळपाणी विकणाऱ्या काकांशी पाच मिनिटे बोलले तरी हा इतिहास हाती लागतो.

आता बाराटांग. तिथल्या चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचे ज्वालामुखी पाहण्यासारखे आहेत, हे मान्य. अडचण त्या गुहांची नसून तिथवर नेणाऱ्या रस्त्याची आहे. अंदमान ट्रंक रोड जिरकाटांगच्या नाक्यापासून पुढे जारवांच्या राखीव अरण्यातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात. थांबायचे नाही, फोटो काढायचे नाहीत, काही खायला द्यायचे नाही, असे नियम आहेत. नियम आहेत याचाच अर्थ, लोक थांबत होते, फोटो काढत होते आणि खायला देत होते. २०१२च्या जानेवारीत एका ब्रिटिश वृत्तपत्राने प्रसिद्ध केलेल्या चित्रफितीत जारवा स्त्रियांना पर्यटकांपुढे नाचायला लावलेले जगाने पाहिले. त्याच्या दहा वर्षे आधी, मे २००२मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हा रस्ता जारवांच्या भागात बंद करण्याचा आदेश दिला होता. रस्ता आजही चालू आहे.

जारवा ही ग्रेट अंदमानींहून वेगळी जमात. त्यांनी बाहेरच्यांना दीडशे वर्षे बाणांनी दूर ठेवले, म्हणून ते उरले. १९९८च्या सुमारास ते आपण होऊन बाहेर येऊ लागले आणि वर्षभरातच, १९९९मध्ये, त्यांच्यात गोवराची साथ आली. १८७७चा तोच रोग. या वेळी उपचार मिळाले, एवढाच फरक. २०११च्या जनगणनेत त्यांची संख्या ३८० होती. यवतमाळच्या एखाद्या मोठ्या शाळेतली मुले याहून अधिक भरतील.

इथे यवतमाळचा वाचक इतर मराठी प्रवाशांपेक्षा एक पाऊल पुढे असायला हवा. केंद्र सरकारच्या यादीत जारवा ज्या वर्गात मोडतात, त्याच आदिम जमातींच्या वर्गात महाराष्ट्रातल्या तीन जमाती आहेत : कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. कोलामांची पोडे झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी, राळेगाव या तालुक्यांत आहेत. बाजाराच्या दिवशी त्यांच्या बांबूच्या टोपल्या आपण घासाघीस करून घेतो. गोंडांच्या काही गावांत ग्रामदेवतेच्या पूजेचा मान कोलामाचा असतो, कारण या मातीचे पहिले धनी ते, असे गोंडच मानतात. आता कल्पना करावी की एखाद्या पोडाच्या मधल्या वाटेने रोज शेकडो गाड्या, काचा वर करून, केवळ ‘कोलाम दिसतात का’ हे बघायला जाऊ लागल्या. जिल्ह्यातले एकही गाव ते सहन करणार नाही. कोलाम निदान उलट बोलू शकतो. त्याला मराठी येते, त्याचा मुलगा आश्रमशाळेत आहे, पांढरकवड्याच्या प्रकल्प कार्यालयावर तो मोर्चा नेऊ शकतो. जारवाजवळ यातले काहीच नाही.

जंगल कोणाचे, या प्रश्नावर या जिल्ह्याने एकदा स्पष्ट उत्तर दिलेले आहे. जुलै १९३०मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला आणि शिक्षा भोगली. जे गवत पिढ्यान्‌पिढ्या गुरांसाठी आणले ते कापणे गुन्हा कसा, हा त्या सत्याग्रहाचा साधा सवाल होता. शाळेत दरवर्षी हा धडा अभिमानाने सांगितला जातो. तो सांगणाऱ्यांनीच जिरकाटांगच्या नाक्यावर पहाटे रांग लावावी, हे विसंगत आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की आम्ही गुहा पाहायला जातो, माणसे पाहायला नाही. मग परतीच्या गाडीत ‘दिसले का?’ हा प्रश्न सगळ्यांत आधी का विचारला जातो? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बाराटांगचे नावाडी आणि वाटाडे पर्यटकांवर जगतात, आणि उत्तरेकडच्या रंगत, मायाबंदर, दिगलीपूरच्या लोकांना दवाखान्यासाठी, शिक्षणासाठी हाच रस्ता आहे. उत्तरेकडच्या रहिवाशाची गरज आणि सहलीचा एक दिवस यांना एकाच तराजूत घालता येत नाही. त्याने जावे, आपण जाऊ नये. नावाड्यांचे नुकसान मात्र खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. जारवांचे अरण्य टाळून समुद्रमार्गाने बाराटांग गाठून देणारी नियमित, भरवशाची सोय असेल तर जरूर जावे. टूर ठरवताना ती मागावी. मागणीच नसेल तर ती वाढणार नाही. तोवर रस्त्याने जाणाऱ्या पॅकेजला ‘नको’ म्हणणे एवढे प्रत्येकाच्या हातात आहे, आणि त्याने पैसेही वाचतात.

मोकळा झालेला दिवस रिकामा जात नाही. सकाळी मानवशास्त्रीय संग्रहालय पाहावे. ज्यांना गाडीच्या काचेतून पाहायला लोक धडपडतात त्यांच्या होड्या, धनुष्ये आणि झोपड्या तिथे, कोणालाही त्रास न देता, हव्या तितक्या वेळ पाहता येतात. वायपर बेटाची फेरी चालू असेल तर दुपारी ती करावी. नसेल तर चॅथमची लाकूड गिरणी. ती १८८३ची, म्हणजे अंदमानात वनखाते सुरू झाले त्याच वर्षाची. कापलेल्या पडौकच्या लालसर फळ्यांचा वास आवारात भरून असतो, जपानी बॉम्बने १९४२मध्ये पाडलेला खड्डा अजून तसाच ठेवला आहे, आणि वॉकरचे दोनशे कैदी पहिल्यांदा उतरले ते याच बेटावर.